बिनपगारी ट्रेनी: विद्यापीठाच्या यीस्ट लॅबचा रिव्ह्यू, एका फार्मावालीकडून

लॅबचं नाव सांगणार नाही. गोव्यात मायक्रोबायॉलॉजी शिकलेली माणसं एकमेकांची नातेवाईक नसली तर वर्गमित्र तरी असतात, आणि मला पुढे इथेच काम करायचंय. एवढं पुरे: विद्यापीठातली लॅब, विषय काजूच्या रसात आपोआप येणारं यीस्ट, आणि मी तिथे काजूच्या मोसमापासून चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपासपर्यंत ट्रेनी होते. पगार नाही, प्रवासभत्ता नाही. दुपारचा चहा मात्र सर पाजतात.

माझं आधीचं काम सांगते, नाहीतर पुढची कुरकुर कळायची नाही. एमएस्सी झाल्यावर मी फोंड्याजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या मायक्रो सेक्शनला होते. पाण्याचे नमुने, हवेच्या प्लेट्स, गोळ्या आणि सिरपची मायक्रोबियल लिमिट टेस्ट. शुद्ध केलेल्या पाण्यात मिलिलिटरला शंभराच्या वर कॉलनी आल्या की चौकशी, नाही आल्या की सही. बहुतेक दिवस सहीच. काम वाईट नव्हतं, पगार वेळेवर होता, पण एखादी प्लेट वेगळी दिसली तर "हे काय असेल?" असं विचारायला तिथे कुणालाच फुरसत नसते. विचारायचं असतं ते एवढंच, की मर्यादेच्या आत आहे की बाहेर. पीएचडीचं डोक्यात होतं. राजीनामा दिला आणि ट्रेनी म्हणून घुसले. आई म्हणाली, "पगार ना? मागीर वता कित्याक?" (पगार नाही? मग जातेस कशाला?) प्रश्न रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी आत कसं शिरायचं ते, कारण कॉलेजची मुलं भेटली की तेच विचारतात. जाहिरात नसते, मेल करावा लागतो. मी बऱ्याच ठिकाणी केला आणि बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. त्याला लगेच उद्धटपणा म्हणू नका. मार्चमध्ये प्राध्यापक मंडळी परीक्षा आणि ग्रँटचा हिशेब यांत बुडालेली असतात. ३१ तारखेच्या आत पैसे खर्च झालेले दाखवायचे, युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यायचं. त्या धांदलीत "आय ॲम पॅशनेट अबाउट रिसर्च" असं लिहिलेला मेल कोण उघडणार? ज्या मेलला उत्तर आलं तो मी जानेवारीत पाठवला होता आणि त्यात पॅशन नव्हती. लॅबचे दोन पेपर वाचले होते. एकात रस काढल्यापासून किती तासांनी नमुना घेतला ते कुठेच दिलेलं नव्हतं, तेवढं विचारलं. खाली मला हाताने काय काय करता येतं ते लिहिलं: मेंब्रेन फिल्ट्रेशन, प्लेट काउंट, स्वॉब घेणं, मीडियाची ग्रोथ प्रमोशन टेस्ट, नोंदी. मार्कशीट जोडली नाही. उत्तर एका ओळीचं आलं: सोमवारी या, येताना नवी वही आणा.

बीएस्सी-एमएस्सी चालू असलेल्यांना कॉलेजचं पत्र लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. आपल्याकडे ऑफिसातून एक पत्र निघायला जो वेळ लागतो तेवढ्यात काजूचा मोसम संपतो. पैसे मिळणारी वाट हवी असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिन्यांची. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटाकडेच बंद होतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांच्या ती कामाची नाही. आणि गोव्यात लॅब म्हणजे फक्त विद्यापीठ नव्हे. दोना पावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्याला आयसीएआरची शेती संशोधन संस्था आहे. यीस्टच हवं असा हट्ट नसेल तर तिथेही विचारा.

आता सेवेची गुणवत्ता.

सुरुवातीचे आठवडे टिप्स भरण्यात गेले. निळ्या टिप्स, पिवळ्या टिप्स, डबे फॉइलमध्ये गुंडाळायचे, ऑटोक्लेव्हला लावायचे, परत भरायचे. शिवाय काचसामान धुणं. लॅबमध्ये नवा आलेला हे करतोच आणि थोडे दिवस केलेलं चांगलंही असतं. वस्तू कुठे आहेत, कोण कुणाची बाटली उचलून नेतं, कुणाला विचारलेलं आवडतं, हे सगळं सिंकपाशीच कळतं. पण माझ्याबरोबर आलेल्या एका बीएस्सीच्या मुलाकडून कितीतरी दिवस तेवढंच करून घेतलं. त्याला शेवटी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहायला काही उरलं नाही. याला शिकवणं म्हणत नाहीत. त्याला कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं, फक्त तो कुणाच्या नावावर आहे हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा, मी कोणाबरोबर काम करणार? "सगळ्यांबरोबर" असं उत्तर आलं तर समजा, कुणाबरोबरच नाही.

पिपेट. कंपनीत दर पिपेटवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो आणि तारीख उलटली की तो पिपेट कपाटात जातो. इथेही स्टिकर होता, आधी कधीतरी पीएचडी करून गेलेल्या माणसाच्या नावाचा. हे मला सहन होईना. एका दुपारी लॅब रिकामी होती तेव्हा सगळे पिपेट काढून तराजूपाशी बसले. तपासणं सोपं आहे: डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, हजार मायक्रोलिटर छोट्या बीकरमध्ये सोडायचं, वजन बघायचं. एक ग्रॅमच्या अगदी किंचित खाली यायला हवं, आणि परत परत तेवढंच यायला हवं. निळ्या टिपवाला एक पिपेट बराच कमी सोडत होता आणि नेमका तोच सगळ्यांचा लाडका, कारण त्याचं बटण मऊ. मी त्यावर "फक्त बफरसाठी" अशी पट्टी लावली. दोन दिवस रुसवे-फुगवे झाले, मग सरांनी सगळेच पिपेट सर्व्हिसिंगला पाठवायला सांगितलं. पाठवायला सांगणं आणि जाऊन येणं यांत सरकारी खरेदीची प्रक्रिया असते: कोटेशनं, पोर्टल, मंजुरी. मी निघेपर्यंत ते परत आले नव्हते.

ऑटोक्लेव्हचंही तेच. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. टेपवर काळे पट्टे उमटले की झालं म्हणायचं. पण टेप एवढंच सांगते की डबा तापला होता. आत सगळं मेलं की नाही हे ती सांगत नाही. कंपनीत त्यासाठी जिओबॅसिलस या उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या जिवाणूच्या स्पोअरची (सुप्त पेशींची) कुपी लोडमध्ये ठेवतात आणि नंतर ती उबवून बघतात. काही उगवलं तर सगळा लोड बाद. मी सीनिअरला हे म्हटलं. ती म्हणाली, "कुपीची किंमत बघितलीस?" नंतर बघितली. तिचं बरोबर होतं.

आणि फ्रिज. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये, प्लेट्सच्या चळतीशेजारी, स्टीलच्या डब्यात बांगड्याचं हुमण. फ्रिजच्या दारावर "नो फूड" असं छापील लिहिलेलं, त्याखाली पेनाने कुणीतरी "प्लीज" जोडलेलं. या एका गोष्टीसाठी मी कुठल्याही लॅबचा एक तारा विचार न करता कापेन. डीएनए बघायच्या जेलसाठी इथिडियम ब्रोमाइड वापरणाऱ्या, म्हणजे डीएनएमध्ये घुसून बसणारं रसायन हाताळणाऱ्या माणसांनी त्याच खोलीत डबा ठेवू नये, हे सांगायला फार्मावाली लागू नये. बाहेर व्हरांड्यात टेबल टाकलं की प्रश्न मिटला असता. मी विचारलं, तर टेबलाचीही खरेदीप्रक्रियाच निघाली.

इथवर वाचून वाटेल की बाई वैतागून परत आली. तसं नाही. इथून पुढचं काम मला कंपनीत सात जन्मांत मिळालं नसतं.

काजूचा रस आंबवताना आपल्याकडे यीस्ट घालत नाहीत. बोंडं खाली पडलेली वेचतात, पूर्वी खडकात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवत, आता बऱ्याच ठिकाणी यंत्राने चेचतात. चोथा दाबून ठेवला की थेंब थेंब गळतो तो नीरो, तो पिऊन टाकायचा. बाकीचा रस दोन-तीन दिवस पिंपात राहतो, स्वतःच्या मनाने फसफसतो आणि मग भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा उर्राक, तोच नव्या रसात मिसळून परत काढला की फेणी, अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या वर. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्या गोव्याने अभिमान बाळगला. पण त्या पिंपात नेमकं कोण काम करतं आणि ते तिथे येतं कुठून, हे भट्टीवाल्यापासून पिणाऱ्यापर्यंत कुणी विचारत नाही. लॅब ते विचारते. मला हे फार आवडलं. आमच्या घराच्या मागे काजूची झाडं आहेत आणि बोंडं सडल्याचा तो वास मला लहानपणापासून पाठ आहे. त्या वासात विचारण्यासारखं काही असेल असं कधी सुचलंही नव्हतं.

नमुने सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवरून यायचे. रस काढल्याबरोबर एक, मग बारा तासांनी, चोवीस तासांनी, असं पिंप चढेपर्यंत. निर्जंतुक बाटल्या, बर्फाचा डबा, पीएच, तापमान, आणि साखर मोजायला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर. बारा तासांचा नमुना रात्री पडतो आणि तो मुलांनी घ्यायचा असं न बोलता ठरलेलं होतं. मी म्हटलं, आम्हीही जाऊ, दोघी जोडीने. सीनिअरचं आजोळ वाळपईकडे, तिच्या मामांकडे उतरलो. मामांनी विचारलं, दारू प्यायला शिकायचं का, की काढायला? सीनिअर म्हणाली, "मोजायला." मामी तेवढ्यात जेवणाची पानं घेऊन आल्या म्हणून विषय संपला.

भट्टीवाले बाब सुरुवातीला आमच्याशी बोलत नव्हते. त्यांना वाटलं एक्साइजवाले. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून दिल्यावर मात्र त्यांना ते खेळणं आवडलं. त्यांनी आधी रस जिभेला लावून आकडा सांगायचा, मग आम्ही मोजायचा. ताज्या रसाला त्यांची जीभ फारशी चुकत नव्हती.

आता वहीबद्दल. रिव्ह्यू लिहायला बसले ते खरं म्हणजे हिच्यासाठी.

कंपनीत नोंदीचं शास्त्र आहे. नोंद कुणाची ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे, अचूक पाहिजे. खोडायचं तर एक रेघ, सही, तारीख, कारण. पांढरं करेक्शन फ्लुइड खिशात सापडलं तरी प्रकरण वर जातं. मी त्यात तयार झालेली, त्यामुळे माझी वही पहिल्या दिवसापासून देखणी होती. सर शनिवारी सगळ्यांच्या वह्या वाचतात. सही करून पुढे ढकलत नाहीत, खरंच वाचतात, खुर्ची ओढून, पेन्सिल घेऊन. मला वाटलं माझी वही बघून खूश होतील.

माझ्या पानावर लिहिलं होतं: २४ तासांचा नमुना, रसाचं तापमान इतकं, पीएच इतका, ब्रिक्स (साखरेचं माप) इतकं, नमुना घेण्यापूर्वी रस ढवळला. समासात पेन्सिलने आलं: "कोणी? कशाने? ते आधी कुठे होतं?" आणि ब्रिक्सच्या आकड्याभोवती गोल, शेजारी, "यावर तुझा विश्वास आहे का?"

दुसरा प्रश्न आधी सांगते कारण तो छोटा आहे. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते बघून साखर सांगतं. रस आंबायला लागला की त्यात अल्कोहोल येतो आणि अल्कोहोलही प्रकाश वळवतो. म्हणजे पहिल्या नमुन्याचा आकडा साखरेचा, पुढच्यांचा साखर आणि दारू यांच्या भांडणाचा. आकडा बरोबर उतरवलेला होता, सहीसकट. त्याचा अर्थ मात्र मी लिहिला तो नव्हता. कंपनीत असा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर एकच, एसओपीमध्ये, म्हणजे ठरवून लिहिलेल्या कार्यपद्धतीत, असंच लिहिलंय. इथे एसओपी नव्हतीच, ती मला लिहावी लागली, आणि लिहिताना दर ओळीला असंच का, हे सांगावं लागलं.

पहिल्या प्रश्नाने पुढचे महिने खाल्ले. रस ढवळला होता भट्टीवाल्या बाबांनी, एका लाकडी दांड्याने. तो दांडा मोसम संपला की भट्टीच्या छपराला खोचलेला असतो. धुतात का? पाण्याने विसळतात. मग पिंपातलं यीस्ट फळाच्या सालीवरून येतं, माश्यांच्या पायांवरून येतं, की वर्षभर छपरात बसलेल्या दांड्याच्या भेगांतून? द्राक्षांच्या बाबतीत हा वाद जुना आहे. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की दारूचं यीस्ट गांधीलमाश्यांच्या आतड्यात हिवाळाभर तग धरतं आणि त्या ते पुढच्या पिढीला देतात. काजूला हिवाळा नाही, पण पावसाळा आहे, आणि जूनपासून पुढच्या मोसमापर्यंत रसाचा थेंब नसतो. मधल्या काळात ते राहतं कुठे?

आणि इथे माझी कंपनीची विद्या कामाला आली. यंत्र धुतल्यावर त्याच्या पृष्ठभागावरून स्वॉब घ्यायचा, ठरावीक चौकोनात, ठरावीक दाबाने, हे मी झोपेतही करीन. लॅबमध्ये ते कुणाला येत नव्हतं, कारण कधी लागलंच नव्हतं. मग दांड्याचा स्वॉब, पिंपाच्या आतल्या भिंतीचा, चेचणाऱ्या यंत्राच्या दातांचा, बाबांच्या गमबुटांचा. (गमबुटांना त्यांनी हरकत घेतली, मग मुलाचे दिले.) सर म्हणाले, हे तूच शिकव सगळ्यांना. बिनपगारी ट्रेनी पीएचडीच्या मुलांना स्वॉब शिकवते आहे, हे दृश्य कंपनीत शक्य नव्हतं. तिथे शिकवायलाही ट्रेनर म्हणून नाव मंजूर व्हावं लागतं.

प्लेट्सचं सांगते. डब्ल्यूएल नावाचा मीडिया असतो, त्यात हिरवा रंग घातलेला. वेगवेगळी यीस्टं तो रंग वेगवेगळा उचलतात. हॅन्सेनिआस्पोरा गडद हिरवी, चपटी कॉलनी देतं. सॅकरोमायसेस, म्हणजे दारूचं यीस्ट, मलईच्या रंगाची, फुगीर, कडेला हिरवट झाक. फळांच्या रसात सहसा आधी हॅन्सेनिआस्पोराची गर्दी असते, सूक्ष्मदर्शकाखाली लिंबासारख्या टोकदार पेशी, आणि अल्कोहोल वाढला की ती मागे पडून सॅकरोमायसेस पुढे येतं. वाइनच्या पुस्तकांत हे छापलेलंच आहे. पण एकाच पिंपाच्या प्लेट्स तासांच्या क्रमाने टेबलावर मांडल्या आणि रंग डावीकडून उजवीकडे बदलत गेलेला दिसला तेव्हा मी सीनिअरला हाक मारली, आणि ती हातातलं काम टाकून आली. इतकी वर्षं हेच बघत असूनही आली. दांड्यावर काय निघालं ते इथे लिहीत नाही. पेपर व्हायचा आहे, आणि यीस्टचं नाव नुसत्या रंगावरून ठरत नाही, डीएनएचा तुकडा वाचून घ्यावा लागतो.

म्हणून लॅब निवडताना काय बघायचं, असं मला कुणी विचारलं तर मी यंत्रांची यादी विचारत नाही, पेपरही मोजत नाही. विचारते, तुमच्याकडे ट्रेनीची वही कोण वाचतं आणि कधी? आणि जमलं तर आधी राहून गेलेल्या कुणाची जुनी वही मागून बघा. समास कोरे असतील तर ती लॅब कितीही चकचकीत असो, तुम्ही तिथे टिप्स भरणार.

यंत्रांचं थोडक्यात. पीसीआर आहे, जेल आहे, डीएनए वाचायला बाहेर पाठवतात आणि निकाल यायला वेळ लागतो. उणे ऐंशीचा फ्रीझर दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विभागाचा, त्याची किल्ली मागायला जावं लागतं आणि किल्लीवाले जेवायला गेलेले असतात. पावसाळ्यात वीज जाते. जनरेटरवर फ्रीझर आहे, इन्क्युबेटर नाही. त्याहून मोठा शत्रू बुरशी. जुलैमध्ये गोव्यात चपलेवर उगवते ती प्लेटवर का नाही उगवणार? लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटात, काम करून, सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून, तरी कडेने राखाडी कापूस यायचा. रसाचे सगळे महत्त्वाचे नमुने मेअखेर ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवायचे हा लॅबचा नियम आहे, तो कशासाठी ते पहिल्या पावसात कळतं.

माणसं. लॅबमध्ये बोलणं कोकणी, लिहिणं इंग्रजी, माझ्याशी आणि सत्तरी-पेडण्याच्या मुलींशी मराठी, यंत्र बंद पडलं की हिंदी. सर शांत आहेत, पण "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेले की दुपार होते. शनिवारच्या वह्या चुकवत नाहीत, सोमवारची मीटिंग सर्रास चुकवतात. एकट्या सीनिअरवर सगळी लॅब चालते आणि हे तिच्या फेलोशिपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

पैशांचं खरं सांगायला हवं. नेट किंवा गेट पास होऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. कागदावर बरं आहे. प्रत्यक्षात ते महिनोन्महिने अडकून एकदम येतं, हे इथल्या मुलांच्या उधारीवरून कळतं. ट्रेनीला शून्य. मी साठवलेल्या पैशांवर आणि आईवडिलांच्या घरी राहून हे करू शकले. भाड्याच्या खोलीत राहून, दोन बस बदलून, बाहेर जेवून हे फुकट करा असं मी कुणालाही सांगणार नाही. हुशार मुलं या एका कारणासाठी गळतात आणि लॅबवाले म्हणतात, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही.

फोंड्याकडून येणाऱ्यांनी बसचा हिशेब लॅबच्या वेळेवर सोडू नये. सेंट्रिफ्यूज फिरत असताना शेवटची बस निघून जाते. संध्याकाळी लागणारा प्रयोग असेल तर तो आदल्या दिवशी सांगून ठेवा, कुणाच्या तरी स्कूटरवर मागची सीट मिळते. शौचालय आपल्या मजल्यावरचं वापरू नका, वरच्या मजल्यावरचं बरं आहे. कँटीनची भाजी-पाव दहाच्या आत गाठा, नंतर उरते ती मिरची भजी.

कुणी जाऊ नये? ज्यांना फक्त सर्टिफिकेट हवंय त्यांनी. ते इथे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कष्टाने मिळतं. मी गणपतीच्या आधी अर्ज दिला, विभागाचा शिक्का व्हायला चवथीची सुट्टी आडवी आली, मग क्लार्क रजेवर. शेवटी आलं त्यात "काजूच्या रसातील यीस्ट" ऐवजी "टेस्ट" छापलंय आणि माझ्या आडनावातला एक काना गायब आहे. दुरुस्तीला परत दिलंय. सीनिअर म्हणते, फोटो काढून ठेव, दुसरं येईल त्यात पहिलं नाव चुकलेलं असेल.